लाकडी बॉक्सकारचं किट: आधी साल ठरवा, मग ब्लेड उचला

ठाण्याहून तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या मामांनी त्यांच्याकडे कित्येक वर्षं न उघडता पडून असलेलं एक लाकडी किट पाठवलंय, त्याचं काय करायचं. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, ३६ फुटी बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबा, तोही ट्रस रॉडवाला, म्हणजे पोटाखालून ताणलेले लोखंडी गज असलेला. खोक्यावरचं लेबल फाटलेलं. आत बासवुडच्या पट्ट्या, खाचा पाडलेल्या दोन पातळ फळ्या, धातूचे ओतीव भाग, तारेचं वेटोळं, पिवळे पडलेले डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं, आणि दोन पानी सूचना. बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, नाहीत. कपलर, म्हणजे डबे जोडायचे आकडे, नाहीत. तुमचे प्रश्न असे: कामाचा क्रम कोणता, आपल्या पावसाळी हवेत गोंद कुठला, खोक्यातलं काय ठेवायचं आणि काय बदलायचं, डब्याच्या पोटाखाली कुणालाच न दिसणारं काम किती करायचं, आणि हाच डबा आपल्याकडची वाघीण म्हणून रंगवता येईल का.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि ही लाकडी किटं बरीच वर्षं जोडतो आहे. प्लास्टिकचे तयार डबे येण्याआधी अमेरिकेत घरच्या रेल्वेचा मालडबा बहुधा असाच यायचा. अँब्रॉइड या गोंदाच्या कंपनीने तर एका प्रकारची पाचच हजार किटं काढायची, अशी मालिकाच चालवली होती. तेव्हा किट म्हणजे कापलेलं लाकूड आणि एक नकाशा. बाकी सगळं विकत घेणाऱ्याच्या हातात. म्हणून सूचनांची दोन पानं वाचून निराश होऊ नका. ती लिहिणाऱ्याने असं धरलेलं असतं की वाचणाऱ्याला खरा डबा ठाऊक आहे.

आणि तो तुम्हाला ठाऊक करून घ्यावा लागेल. माझ्या मते कामाचा क्रम इथून सुरू होतो: तुमचा डबा कुठल्या वर्षी रुळावर उभा आहे ते ठरवा. वर्ष ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. न ठरवता सुरुवात केलीत, तर १९०० चा डबा, १९३५ चे ब्रेक आणि १९५० ची चाकं असं काहीतरी तयार होईल. प्रत्येक भाग सुबक असेल, पण डबा खोटा दिसेल.

वर्षांचा हिशेब थोडक्यात सांगतो. २ मार्च १८९३ ला अमेरिकेत रेल्वे सुरक्षा साधनांचा कायदा झाला. त्याआधीचे बहुतेक डबे हाताने कडीत खिळा घालून जोडत. त्या कामात ब्रेकवाल्यांची, म्हणजे डबे जोडणाऱ्या आणि हाताने ब्रेक लावणाऱ्या कामगारांची, बोटं जात, जीवही जात. कायद्याने आपोआप जुळणारे कपलर आणि एअर ब्रेक सक्तीचे केले. रेल्वे कंपन्यांनी मुदत वाढवून घेतली आणि अंमल पुरता व्हायला १९०० उजाडलं. पुढे १९११ मध्ये शिड्या, पायऱ्या, हाताने धरायचे दांडे कुठे आणि किती मापाचे असावेत, याचे नियम ठरले. ट्रस रॉडवाले डबे या सुमारास सर्वत्र होते, पण नवे डबे लोखंडी चौकटीवर बांधले जाऊ लागले होते, आणि १९२० च्या दशकात ट्रस रॉड झपाट्याने मागे पडले. १९३३ मध्ये एबी जातीचे नवे ब्रेक आले. पट्ट्या आणि बोल्टांनी बांधलेल्या आर्च-बार बोग्यांना १९४० च्या सुमारास दुसऱ्या रेल्वेच्या रुळांवर जायला बंदी झाली, कारण बोल्ट सैल होत आणि अपघात होत.

तुमच्या किटसाठी मी १९१२ ते १९२० यातलं एखादं साल सुचवेन. डबा तेव्हा चांगला वापरात असेल, १९११ च्या नियमांप्रमाणे दांडे बसलेले असतील, ब्रेक के जातीचे, बोग्या आर्च-बार. सालाच्या जोडीला एक रेल्वे कंपनी निवडा आणि तिच्या तशाच डब्याचा एक तरी फोटो मिळवा. बाजूने घेतलेला फोटो सहज मिळतो. टोकाकडून घेतलेला मिळाला तर तुम्ही नशीबवान. विस्कॉन्सिनमधल्या नॉर्थ फ्रीडम गावी मिड-कॉन्टिनेंट रेल्वे म्युझियम आहे, तिथे लाकडी डबे खास जपले आहेत. पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्गचं संग्रहालय आहे. मामा त्या बाजूला जाणार असतील तर डब्याखाली वाकून चार फोटो काढायला सांगा. दर्शनी फोटो सगळेच काढतात.

आता खोकं. सगळे भाग पांढऱ्या कागदावर मांडून नकाशाशी ताडून पाहा. नकाशाची झेरॉक्स काढा, मूळ कागद बाजूला ठेवा. डिकॅल पाण्यात बुडवायच्या आधी स्कॅन करा. इतक्या जुन्या डिकॅलची फिल्म पाण्यात पडताच तुकडे तुकडे होते, म्हणून आधी त्यावर क्लिअर लॅकरचा पातळ हात द्यायचा. पिवळेपणा घालवायला डिकॅलचा कागद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, ऊन लागेल असा. काही दिवसांत बराच फरक पडतो. ओतीव भागांत शिसं असण्याची शक्यता धरून चाला: घासताना तोंडाशी हात नको, काम झालं की हात साबणाने धुवा, आणि भुकटी लहान मुलांच्या वाटेत राहू देऊ नका.

ठेवायचं काय? छत, तळ, टोकांचे ठोकळे आणि खाचांच्या फळ्या. बासवुड हे लिंडन जातीच्या झाडाचं लाकूड, रेषा बारीक, कापायला मऊ आणि कडा न फुटता कापलं जाणारं. जुनं झालं तरी चांगलं असतं. बदलायचं ते मुख्यतः तार, शिडी आणि छतावरच्या फळ्या, कारण त्या काळच्या किटमध्ये हे भाग फार जाड असत. हिशेब करून पाहा. एचओ म्हणजे ८७ पट लहान, एक फुटाला साडेतीन मिलिमीटर. तुमचा ३६ फुटी डबा म्हणजे १२६ मिलिमीटर. खोक्यातली तार अर्धा मिलिमीटर जाडीची असेल, तर खऱ्या डब्यावर तो दांडा जवळजवळ ४४ मिलिमीटरचा झाला. १९११ च्या नियमात हा दांडा पाच-अष्टमांश इंचाचा आहे, म्हणजे १६ मिलिमीटर, आणि आपल्या स्केलला ०.१८ मिलिमीटर. इतकी बारीक तार हाताळताना वाकते, म्हणून ०.२ ते ०.२५ चालवून घ्या.

लाकडाबद्दल एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते: लाकडी डब्याचं मॉडेल रंगवल्यावर लाकडासारखं दिसता कामा नये. खरा डबा रंधा मारलेल्या फळ्यांचा आणि वर रंगाचे थर दिलेला असायचा. दहा पावलांवरून त्याच्या रेषा दिसत नसत, दिसायच्या त्या दोन फळ्यांमधल्या खाचा. बासवुडवर उभा राहिलेला एक-दशांश मिलिमीटरचा तंतू खऱ्या डब्यावर पाऊण-एक सेंटिमीटरचा कुसळ होतो. म्हणून तंतू आधी बसवायचे. फर्निचर पॉलिशवाले जो सँडिंग सीलर वापरतात तोच घ्या, थिनरने चांगला पातळ करा, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने एक हात. वाळला की ४०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने, परत खाचांच्याच दिशेने. असं दोन वेळा. तिसरा हात दिलात की खाचा भरायला लागतात. खिडकी उघडी ठेवा, त्या थिनरचा वास डोकं धरतो.

खाचा भरल्याच तर सुई किंवा ब्लेडच्या पाठीने पट्टीला धरून एकेक मोकळी करता येते. त्या खाचांचं मापही तपासा. त्या काळच्या बाहेरच्या फळीची दिसणारी रुंदी बहुधा सव्वातीन इंच, म्हणजे आपल्या स्केलला साधारण ०.९५ मिलिमीटर. किटमधल्या खाचा बहुतेक वेळा एक-बत्तीसांश इंचावर असतात, म्हणजे ०.८ मिलिमीटर. फरक आहे, पण डोळ्याला कळत नाही. मी त्यासाठी फळी बदलत नाही.

आता गोंद आणि तुमची हवा. ठाण्याच्या जुलैत कोरडं लाकूड ओलावा पिणार, आणि पातळ फळी एकाच बाजूने सील केलेली असेल तर उघडी बाजू फुगून फळी पन्हळ होणार. उपाय एकच: दोन्ही बाजू सील करा. आतली बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. फक्त जिथे गोंद लागणार तेवढ्या कडा कोऱ्या ठेवा, त्यावर आधी मास्किंग टेपची चिंधी लावा. मग साधा फेव्हिकॉल पुरतो, पण अगदी पातळ, टूथपिकने पसरलेला. दाबल्यावर बाहेर थेंब आला तर जास्त झाला. बाजूच्या मोठ्या फळ्यांच्या आत, मधल्या भागात, बासवुडच्या तीन-चार उभ्या पट्ट्या आडव्या दाबाला म्हणून लावा, नाहीतर वर्षभराने फळी आत चेपते. रबरी गोंद फळीभर फासून चिकटवायचा सल्ला जुन्या सूचनांत मिळेल. तो लगेच धरतो आणि लाकूड ओलं करत नाही हे खरं, पण वर्षांनी वाळून सुटतो. लाकडाला धातू जोडायला अराल्डाइट, तार भोकात बसवायला फेविक्विकचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. आणि शक्यतो पावसाळ्यात पेटी जोडू नका. ते दिवस तार वाकवायला आणि ब्रेकचे भाग साफ करायला ठेवा.

पेटी जोडताना गुण्या लागतो, छोटा स्टीलचा. काचेचा सपाट तुकडा टेबलावर ठेवून त्यावरच काम करा. टोकाचे ठोकळे तळावर काटकोनात उभे राहिले की बाकी काम सरळ जातं. आधी टोकं, मग एक बाजू, रात्रभर वाळू द्या, मग दुसरी बाजू, छत सगळ्यात शेवटी. छत बसवण्याआधी वजन आत गेलं पाहिजे. अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना एनएमआरए, स्थापना १९३५, हिची शिफारस अशी: एचओ डब्याला मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा पाच इंचांचा, म्हणजे साडेतीन औंस, जवळपास १०० ग्रॅम, बोग्या आणि कपलर धरून. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायचे चिकटपट्टीचे तुकडे मिळतात, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमचे. लोखंडी मागा. शिशाचे तुकडे पांढऱ्या गोंदाबरोबर बंद पेटीत ठेवले तर गोंदातल्या आम्लाच्या वाफेने शिसं हळूहळू पांढरं पडून फुगतं, आणि आतून डबा फोडल्याची उदाहरणं आहेत. वजन दोन्ही बोग्यांच्या वर सारखं वाटून, तळाशी, अराल्डाइटने.

आता पोटाखालचं काम. कुणालाच दिसत नाही म्हणता, पण या डब्याच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही. ट्रस रॉडवाल्या डब्याचा खालचा भाग बाजूनेही दिसतो, त्याची ओळखच त्यात आहे. काय चाललंय ते समजून घ्या. तळाखाली टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या लाकडी तुळया, त्यांना सिल म्हणतात. सगळा भार या तुळयांवर, आणि आधार फक्त दोन बोग्यांचा. ६०,००० पौंड माल भरला की डबा मध्ये जुन्या खाटेसारखा झोळ खाणार. म्हणून मधोमध दोन आडव्या तुळया, नीडल बीम, आणि त्यांच्या खाली ठेंगणे खांब, क्वीन पोस्ट. या खांबांच्या खालून लोखंडी गज जातात, बहुधा चार. दोन्हीकडे ते तिरपे वर चढून बोल्स्टरच्या, म्हणजे डबा बोगीवर टेकवणाऱ्या आडव्या तुळईच्या, वरून टोकाच्या तुळईतून बाहेर येतात आणि तिथे वॉशर-नटने अडकतात. मधोमध टर्नबकल, म्हणजे गजाचे दोन तुकडे जोडणारी आट्यांची कडी. ते पिळलं की गज ताणला जातो आणि डब्याचं पोट वर उचललं जातं. कारखान्यातला माणूस डबा झोळ खायला लागला की नुसतं टर्नबकल पिळायचा.

हे एकदा कळलं की किटच्या नकाशातली नेहमीची चूक दिसते: गज क्वीन पोस्टवरून सरळ तळात घुसवलेला, तोही बोल्स्टरच्या खूप अलीकडे. तसा गज काहीच उचलणार नाही. तळात तिरपं भोक बोल्स्टरला अगदी लागून पाडा, गजाचं टोक तिथे लपवा, आणि टोकाच्या तुळईवर बरोबर त्याच रेषेत वॉशर-नटचे ओतीव तुकडे बसवा. डोळा मधला भाग स्वतःच जोडतो. हे नट आणि टर्नबकल प्लास्टिकचे मिळतात, उदाहरणार्थ टिची कंपनीचे. किटमधले धातूचे असतील तर ते बहुधा ओबडधोबड असतात. गजासाठी मी मासेमारीचा नायलॉन दोरा वापरतो, ०.३ ते ०.३५ मिलिमीटर. खरा गज इंच-सव्वा इंचाचा, त्यामुळे माप जुळतं. दोरा आधी टर्नबकलांतून ओवून घ्या, एका टोकाला फेविक्विक, मग ताणून दुसऱ्या टोकाला. सरळ राहील इतकाच ताण. जोर लावलात तर हा दोराही खऱ्या गजासारखंच काम करतो आणि तुमचा तळ वरच्या बाजूला वाकतो. चौघांचा ताण सारखा आहे ना, ते बोटाने छेडून बघा. बोग्या घालून डबा तुमच्या सगळ्यात लहान वळणावर फिरवा. बाहेरच्या दोन गजांना चाक घासत असेल तर आत्ताच भोक सरकवा.

मग ब्रेक. तुमच्या सालासाठी के जातीचे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आलेले. यात सिलिंडर आणि हवेची टाकी एकाच ओतीव भागात असते, ती तळाखाली मध्याच्या जवळ. बहुतेक लोक हा भाग चिकटवतात, दोन तारा इकडून तिकडे लावतात आणि थांबतात. त्यापेक्षा एक प्रश्न विचारत कामाला लागा: पिस्टन बाहेर आला तर दोन्ही बोग्यांचे ब्रेक लागतील का?

उत्तर शोधताना मांडणी आपोआप बसते. पिस्टन एका आडव्या दांडीच्या, म्हणजे लिव्हरच्या, एका टोकाला ढकलतो. त्या लिव्हरचं दुसरं टोक जवळच्या बोगीकडे जाणारा गज ओढतं. लिव्हरच्या मधून एक गज निघून दुसऱ्या लिव्हरच्या मध्याला जातो. या दुसऱ्या लिव्हरचं एक टोक तळाला जखडलेलं आणि दुसरं टोक लांबच्या बोगीचा गज ओढणारं. थोडक्यात, ढकलतो फक्त पिस्टन, बाकी सगळे गज ओढतात. तुमच्या मांडणीत एखादा गज ढकलताना दिसला तर ती चुकली. हातब्रेकचा गजही पहिल्या लिव्हरच्या पिस्टनकडच्या टोकालाच लागतो आणि डब्याच्या टोकाशी साखळी होऊन उभ्या ब्रेकदांड्याला गुंडाळला जातो. म्हणून पिस्टन ज्या बाजूला बाहेर येतो त्याच टोकाला हातब्रेकचं चाक असतं. त्या टोकाला बी टोक म्हणतात. सिलिंडर उलटा चिकटवलेली मॉडेलं मी प्रदर्शनांतसुद्धा पाहिली आहेत.

हवेची मुख्य नळी डब्याच्या पूर्ण लांबीतून जाते. तिचा रबरी होज दोन्ही टोकांना, टोकासमोर उभं राहून पाहिलं तर, कपलरच्या उजव्या हाताला लोंबतो. दोन्हीकडे उजवा हात म्हणजे डब्याच्या दोन वेगवेगळ्या बाजू, त्यामुळे नळीला मध्ये कुठेतरी एकदा बाजू बदलावीच लागते. सव्वा इंची नळी, आपल्याला ०.३५ ची तार. तिच्यातून एक फाटा ब्रेकच्या झडपेकडे. झडपेतून आणखी एक बारीक नळी डब्याच्या बी टोकावर चढते, ब्रेकच्या चाकाजवळच्या रिटेनर नावाच्या छोट्या तोटीपर्यंत. उतारावर ब्रेक पूर्ण सुटू नयेत म्हणून गाडी घाटाच्या तोंडाशी आली की ब्रेकवाला ती तोटी फिरवायचा. एवढं केलंत की पोट झालं. लिव्हरच्या टोकांवरचे काटे आणि पिना करायच्या की नाही, हे तुमच्या डोळ्यांवर आणि भिंगावर सोडतो. मी करत नाही.

ग्रॅब आयर्न, म्हणजे हाताने धरायचे दांडे, आणि शिड्या. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: डब्याच्या बाजूसमोर उभे राहा, शिडी उजव्या टोकाला. डब्याच्या टोकासमोर उभे राहा, शिडी डावीकडे. म्हणजे दोन्ही शिड्या एकाच कोपऱ्यावर येतात आणि माणूस एकीवरून दुसरीवर जाऊ शकतो. पायऱ्यांमधलं अंतर जास्तीत जास्त १९ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. दांड्याची मोकळी लांबी किमान १६ इंच, आपल्या स्केलला ४.७ मिलिमीटर. डब्यापासून फट दोन ते अडीच इंच. पितळेच्या पट्टीच्या तुकड्यावर ही रुंदी घासून घ्या आणि सगळे दांडे त्यावरच वाकवा, म्हणजे एकसारखे येतात. तार म्हणून गिटारची पहिली तार चालते, साधी स्टीलची, ०.२५ मिलिमीटर, सरळ आणि ताठ. मात्र ती तोडायला जुनी पक्कड घ्या, चांगल्या कटरला खाच पडते. विजेच्या वायरमधले तांब्याचे धागे मापाला बरोबर असतात पण इतके मऊ की डबा दोनदा उचलला की वाकतात. भोकं पाडायला ०.३ चं ड्रिल पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक ड्रिल धरून बोटांनी फिरवायच्या मुठीत. आधी सुईने खूण करा, नाहीतर ड्रिल जवळच्या खाचेत घसरतं. फट सारखी राहावी म्हणून दांडा बसवताना त्याच्या आत पुठ्ठ्याचा तुकडा धरा, चिकटला की काढा.

छतावर मधोमध लांब जाणाऱ्या फळ्या, रनिंग बोर्ड. ब्रेकवाला चालत्या गाडीच्या छतावरून, पावसात, बर्फात, यांवरून डब्याडब्यांतून धावायचा आणि हाताने ब्रेक पिळायचा. एअर ब्रेक आले तरी फळ्या १९६० च्या दशकापर्यंत राहिल्या. या तीन फळ्या वेगवेगळ्या करा, एका रुंद पट्टीवर रेघा ओढून नको. किटमधली पट्टी ०.८ मिलिमीटर जाड असेल तर ती खऱ्या मापात ७० मिलिमीटरची झाली, खरी फळी जेमतेम इंच-सव्वा इंचाची. ०.४ ची पट्टी घ्या. सांधे तिन्ही फळ्यांचे वेगवेगळ्या जागी. दोन्ही टोकांना फळ्या छताच्या बाहेर येतात, त्यांना खालून लोखंडी टेकू असतो, तो विसरू नका.

रंग. बहुतेक बॉक्सकार तांबड्या-तपकिरी, कारण लोहाच्या ऑक्साइडचा रंग स्वस्त आणि टिकाऊ. आपला गेरू तोच. छटा रेल्वेप्रमाणे बदलते, आणि उन्हातल्या एकाच डब्याचीही दर वर्षी बदलते, त्यामुळे नेमक्या छटेवरून भांडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अ‍ॅक्रिलिक, पातळ, एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर स्प्रे कॅन लांबून. डिकॅल लावायच्या जागी आधी चकचकीत वार्निश, कारण खरबरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. मायक्रो सोलसारखं द्रावण लावलं की फिल्म मऊ होऊन खाचांत बसते. एकदा लावून भागत नाही. वाळल्यावर नव्या ब्लेडने प्रत्येक खाचेवरून फिल्म चिरा आणि पुन्हा द्रावण लावा. घाई नको, मऊ झालेल्या डिकॅलला बोट लागलं की तो गेला.

डब्यावरचे आकडे वाचून लावा. क्षमता, रिकामं वजन, बांधणीची तारीख. लाकडी डब्याचं वजन झीज आणि ओलाव्याने बदलायचं, म्हणून तो ठरावीक काळाने पुन्हा वजनकाट्यावर जायचा, आणि जुन्या आकड्यावर रंगाचा ताजा चौकोन मारून नवं वजन आणि तारीख लिहिली जायची. मळलेल्या डब्यावर तो ताजा चौकोन करून त्यात तुमच्या सालाची तारीख घाला. डब्याला जुनेपण द्यायची माझी सगळ्यात आवडती युक्ती हीच. बाकी मळवणं बेताचं. पाच-सहा फळ्या किंचित वेगळ्या छटेच्या, रनिंग बोर्डवर राखाडी, बोग्यांवर आणि खालच्या तुळईवर मातीची खडूभुकटी. वरून मॅट वार्निश.

कपलर काडी (Kadee) कंपनीचे, पाच नंबरचे घ्या, त्यांच्या स्वतःच्या पेटीसकट, आणि उंची त्यांच्याच गेजवर तपासा. रुळाच्या माथ्यापासून मध्यापर्यंत साधारण ९.९ मिलिमीटर. कमी पडली तर बोगीवर कागदी वॉशर, जास्त झाली तर बोल्स्टर घासा. चाकं धातूची, ३३ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त आडवी फिरेल, दुसरीचा थोडा सैल, म्हणजे ती डुलेल. तीन पायांचं स्टूल कुठेही टेकतं ते याच कारणाने, आणि डबा रुळावरून उतरत नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, याची आपल्याकडची वाघीण होणार नाही. हा डबा १४३५ मिलिमीटर गेजचा, म्हणून एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज १६७६, ते याच स्केलला सव्वाएकोणीस होतं. बफर नाहीत, कपलर वेगळा, अंगाची ठेवण वेगळी. नुसता रंग आणि नंबर बदलून तो अमेरिकन डबाच दिसेल. भारतीय वाघीण करायची असेल तर बासवुडच्या पट्ट्या सुट्या मागवून मापावरून बांधा. या किटवर हात बसल्यावर ते अवघड नाही. आत्ता मामांना एवढंच विचारा की त्यांच्या भागातून कुठल्या रेल्वे जायच्या. नाव कळवा, म्हणजे १९१२-२० मध्ये त्या कंपनीकडे असे डबे होते का आणि डिकॅल कुठले शोधायचे ते सांगतो.